मागून दोन बोटं

१

पट्टा कसा बांधायचा हे बसल्या बसल्या सांगता येत नाही. त्यासाठी उभं राहावं लागतं. पोट आत, छाती वर, श्वास निम्मा सोडलेला. बकल बेंबीच्या जरा वर, शर्टाच्या गुंड्यांच्या सरळ रेषेत, गव्हाच्या दाण्याएवढंही इकडेतिकडे नाही. पितळी कड्या सरकवून बकलाला दोन्हीकडून भिडवलेल्या. मागची दोन पितळं पाठीच्या कण्यापासून सारख्या अंतरावर. आणि शेवटची परीक्षा मागून. पट्टा आणि पाठ यांच्यामध्ये उस्तादाची दोन बोटं गेली पाहिजेत. एकच गेलं तर उन्हात जवानाला भोवळ येते. तीन गेली तर तो जवान नव्हे, भाजी आणायला निघालेला माणूस.

मी व्यंकटी सोनकांबळे. सतरा वर्षं पलटणीत काढून हवालदार म्हणून घरी आलो. लातूर वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी इथल्या होमगार्डना कवायत शिकवण्याचं काम मला मिळालं. नव्या जिल्ह्यात सगळं नवं होतं. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंगसुद्धा वाळला नव्हता. नव्हतं ते पाणी. सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं होतं, आठव्या दिवशी नळाला करंगळीएवढी धार यायची, आणि माझे जवान टँकरच्या रांगेत घागर ठेवून, शेजारणीला तिच्याकडे लक्ष ठेवायला सांगून सकाळी सहाच्या परेडला पळत यायचे.

आमचे समादेशक म्हणजे सिद्रामप्पा, गंज बाजारातले कापडाचे व्यापारी. मानद पद, पण गडी उत्साही.

"व्यंकटराव," एप्रिलच्या सुरुवातीला ते मला म्हणाले, "एक मेला नव्या जिल्ह्याचा पहिला महाराष्ट्र दिन हाय. मंत्री सलामी घेणार. तुमची तुकडी नीट उभी ऱ्हायली की तुमची नेमणूक पक्की करून घेतो बगा."

मी तोवर हंगामी होतो. माझ्या वयाच्या माणसाला हंगामी राहणं फार लागतं. त्या एका शब्दासाठी मी ती तुकडी घासूनपुसून काढायचं ठरवलं.

२

पट्टे आले ते जुने होते. लष्कराच्या मोडीतले, कोणा ठेकेदाराने लिलावात घेतलेले, सुतळीने बांधलेला एक गठ्ठा. चोवीस पट्टे, चोवीस जवान. जाड सुती पट्टीचे, पितळी बकलांचे, आतल्या बाजूला आकडे अडकवून लांबी कमीजास्त करायची सोय असलेले. माझी बायको कोंडाबाई हिने चिंचेच्या कोळाने सगळी पितळं घासून दिली. धुवायला पाणी नव्हतं, म्हणून राखेने पुसली.

आठवडाभरात मलप्पा नावाचा जवान सोडून गेला. विष्णुपुरीला धरणाच्या कामावर चाललो म्हणाला.

"तितं काम बी हाय अन् पाणी बी हाय, उस्ताद. हितं नुसतं सावधान-विश्राम करून राहिलो."

पट्टा माझ्या हातात देऊन गेला. मी तो सामानाच्या खोलीत खुंटीला अडकवला. जुनी शाळेची खोली होती ती, दगडी, एका खिडकीची. किल्ली मन्मथकडे असायची. हा मन्मथ स्वामी दिवसा आडत दुकानात पोती मोजायचा, आणि खोटं बोलायचं म्हटलं की त्याचे कान लाल व्हायचे. त्यामुळे माझा त्याच्यावर विश्वास होता.

आता तेवीस उरले. तीन रांगांत तेवीस माणसं उभी केली की एक जागा कमी पडते. ती कुठे ठेवायची याचाही नियम आहे. मधल्या रांगेत, डावीकडून दुसरी. पुढून आणि मागून माणसं दिसतात, मधलं भगदाड बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. तिला खाली फाईल म्हणतात. चालताना, वळताना तिथे माणूस आहे असं समजूनच अंतर राखायचं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली उघडली तर खिडकीतून आत आलेल्या पाचसहा चिमण्या फरशीवर चोची मारत होत्या. दाणे नव्हते. त्या पाणी पीत होत्या. खुंटीवरच्या पट्ट्यातून थेंब गळत होते आणि खाली हातभर ओल पसरली होती.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोणी धुतला हा?" मी ओरडलो. "शहर घोटभर पाण्याला मोताद झालंय, आणि तुम्ही पट्टे धुता? सुती पट्टा धुतला की आटतो, एवढी अक्कल नाही?"

"उस्ताद, घरी प्यायला न्हाई," मन्मथ म्हणाला. "पट्टा कोन धुईल?"

त्याचे कान लाल नव्हते.

३

त्याच आठवड्यात धुरपताबाई आली.

ती भुजंग बनसोडेची आई. उदगीरच्या पलीकडे त्यांचं गाव. भुजंग आणि मी नांदेडच्या भरतीत एकाच दिवशी लागलो. रांगेत तो माझ्या मागे उभा होता, म्हणून त्याचा नंबर माझ्या पुढचा. माझे शेवटचे चार आकडे चाळीस सतरा, त्याचे चाळीस अठरा. दहा वर्षं आम्ही एका बराकीत झोपलो, एका ताटात जेवलो. आणि बहात्तर साली तो पलटणीतून पळून गेला. माझा पट्टा घेऊन पळाला. कागदोपत्री तसं नोंदलेलं आहे. साक्ष माझी आहे.

जिवाभावाच्या माणसाने दगा दिला, असं मी अकरा वर्षं सांगत आलो होतो. पारावर सांगितलं, सोयऱ्यांत सांगितलं, कोंडाबाईला तर इतक्यांदा की ती मध्येच उठून चुलीकडे जायची. सांगताना मला खरोखर राग यायचा. माणसाला स्वतःचंच सांगणं ऐकून राग येऊ शकतो.

"जयभीम, लेकरा," म्हातारी उंबऱ्यात बसली. तिला मी तांब्याभर पाणी दिलं, तिने अर्धंच प्यायलं आणि उरलेलं परत केलं. "आता सोल्जर लोकांची कचेरी हितंच झाली म्हन. पयले धाराशिवला जावं लागायचं, म्या कुटं जाऊ? हितला सायब चांगला हाय. म्हन्ला, पोराच्या संगं व्हता असा एक मानूस आना, त्यानं खरं काय ते लिवून दिलं तर कागद पुन्यांदा उगडतो."

"काय लिहून द्यायचं?"

"त्यो पळाला न्हाई, इतकंच. मला दुसरं काई नगं." तिने पदराला गाठ मारलेली पोस्टकार्डं काढली. "पोलीस घरी आले, धान्याच्या कणग्या उपसल्या. त्येचा बाप तीच हाय खाऊन गेला. गावात मला भगोड्याची माय म्हनतेत, व्यंकटी. सुटी घिऊन आला की माझ्या घरात बिन परवानगीचा पानी बी प्यायचा न्हाई त्यो. अन् त्यो पळंल?"

तिला वाचता येत नव्हतं, पण शेवटचं कार्ड तिला पाठ होतं. त्यात भुजंगने लिहिलं होतं की काळजी करू नको, व्यंकटी पुढे असला की मला भ्याव नसतं.

मी म्हटलं, "एक मे होऊ द्या, मावशी. मग बघू."

"बगतो म्हन्लास, लई झालं," असं म्हणत ती उठली. मला तेव्हा तिचाच राग आला. माझी नेमणूक पक्की व्हायला तीन आठवडे राहिले असताना हिने यावं?

४

तपासणी करताना मी रांगेच्या मागून चालतो. डोळे समोर, हात खाली. एकेकाच्या पट्ट्यात मागून दोन बोटं घालायची, चाचपायचं, "ठीक" म्हणायचं, पुढे सरकायचं. सैल असेल तर "ढिला", आवळ असेल तर "घट्ट". बघावं लागत नाही. बोटांना कळतं.

त्या दिवशी पुढची रांग झाली. मधली झाली. मागची झाली. परेड सुटल्यावर मन्मथ घुटमळत उभा राहिला.

"काय रे?"

"न्हाई, मधल्या रांगंत सात जन हाईत, उस्ताद. तुमी आट येळा बोललात."

"तुला ऐकायला चूक झाली असेल."

"सा येळा 'ठीक'. मंग एक येळा 'घट्ट'. मंग शेवटी रामकिशनला 'ठीक'." तो हळूच म्हणाला, "माझ्या अन् रामकिशनच्या मधी तं खाली फाईल हाय."

मी त्याला झाडलं. परेडवर कान उघडे आणि डोकं बंद ठेवायचं असतं, वगैरे. तो गेला. मग मी उजव्या हाताकडे बघितलं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही दुसऱ्या पेरापर्यंत ओली होती.

घाम असणार. एप्रिल महिना, वीस-बावीस माणसं. कोणाची तरी पाठ घामाने निथळत असेल आणि मी चुकून एकालाच दोनदा तपासलं असेल. हा खुलासा चांगला होता. मी तो घरी पोचेपर्यंत चारदा स्वतःला ऐकवला. पण घाम ऊबदार असतो, आणि बोटांना जे लागलं होतं ते थंडगार होतं, खोल पाण्यासारखं. आणि पट्ट्याच्या आत पाठ होती की नाही, हे मला आठवेना.

५

पुढचे आठ दिवस मी खाली फाईलपाशी हात मागे घेऊन चालू लागलो. उस्तादाने आपल्याच तुकडीच्या मोकळ्या जागेला घाबरावं, याची मला लाज वाटत होती.

खुंटीवरचा पट्टा रोज ओला असायचा. रोज सकाळी चिमण्या. मी कुलूप बदललं, किल्ली माझ्याकडे ठेवली. पट्टा ओलाच. शिवाय तो आटत चालला होता. मलप्पाने दिला तेव्हा तो माझ्या अंगाला आला असता. आता बकल लावून हातात धरला तर एखाद्या बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या कमरेएवढा राहिला होता. पण लांबी कमीजास्त करायचे आतले आकडे जिथल्या तिथे होते. कोणी सरकवले नव्हते.

त्या दुपारी मी तो उलटा केला. आतली बाजू बघायची माझी इच्छा नव्हती, हे आता कबूल करतो. लष्करात प्रत्येक जण पट्ट्याच्या आत आपले शेवटचे चार आकडे काळ्या शाईने घालतो. बहुतेक मोडीतल्या पट्ट्यांवर ते पुसलेले होते. या पट्ट्यावर होते.

चाळीस सतरा.

सातच्या पोटात आडवी रेघ. ती सवय माझी. पलटणीत मला तिच्यावरून चिडवायचे.

मी पायरीवर बसलो आणि हिशेबाने विचार करू लागलो. पट्टा हरवतो. कोणाला तरी सापडतो. तो जमा करतो. भांडारात दहा वर्षं पडतो, मोडीत निघतो, लिलावात जातो, लातूरला येतो. शक्य आहे. अशक्य काय आहे त्यात? चोवीस पट्ट्यांत एक आपला निघू शकतो. पण तो ओला कसा, याचं उत्तर मला जुळवता येईना.

त्या दिवशी घरी शर्ट काढला तर कोंडाबाईने तो उजेडात धरला.

"अवो, ह्ये पाठीमागं काय? कमरंवर? दोन बोटं उमटल्यावानी."

"घाम आहे."

"घाम वाळला की पांढरं मीठ ऱ्हातंय. ह्याला तं शेवाळाचा वास यून राहिलाय."

६

आता खरं सांगतो. इथवर आलो तर सांगायलाच हवं.

भुजंग पळाला नव्हता.

उत्तरेतला एक रुंद कालवा होता. सकाळचे नऊ वाजले असतील, सरावासाठी आमची टोळी पोहून पलीकडे जात होती. मी टोळीचा नाईक. आठ जण पुढे जाऊन पलीकडच्या बांधाआड बसले होते. शेवटी मी आणि माझ्या मागे भुजंग. मध्यावर त्याच्या पायात गोळा आला. त्याने हाक मारली नाही, पाणी तोंडात गेलं असावं. त्याने फक्त मागून माझा पट्टा धरला. आधी दोन बोटं अडकवली, मग मूठ केली.

मी बुडायला लागलो. एकदा खाली गेलो, वर आलो, पुन्हा खाली गेलो. आणि माझ्या उजव्या हाताने बकल उघडलं. हाताने उघडलं असं मी म्हणतो, पण हात माझाच होता. एका क्षणात मी हलका झालो. मागे वळून बघितलं तेव्हा पाणी सपाट वाहत होतं. भुजंग नव्हता, पट्टाही नव्हता.

बांधावर चढलो तर समोर कॅप्टनसाहेब उभे होते. त्यांना काही दिसलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला तो माणसाचा नव्हता.

"नाईक, तुम्हारा बेल्ट कहाँ है?"

माझी शिस्त सगळ्या कंपनीत नावाजलेली. पट्टा नसलेला नाईक म्हणजे नागवा नाईक. पलटणीत गुन्हेगाराला साहेबापुढे नेतात तेव्हाच टोपी-पट्टा उतरवतात. माझ्या तोंडातून निघून गेलं, "भुजंग ले गया, साहब."

हे खरंच होतं. पण ते ज्या अर्थाने निघालं त्या अर्थाने त्यांनी घेतलं नाही. "ले गया? कहाँ ले गया?" आणि तिथे मला दोन वाटा होत्या. मी सोपी घेतली. म्हटलं, पट्टा काढून त्याच्याकडे दिला होता, तो पाण्यात उतरलाच नाही, पट्टा घेऊन मागच्या मागे पळाला. बहात्तरचं साल, घरून दुष्काळाची पत्रं येत होती. पळायला कारण होतं, म्हणून सगळ्यांना पटलं. प्रेत सापडलं नाही. पुढे मी हवालदार झालो.

दगा त्याने मला दिला नव्हता. मी दिला होता, आणि वर अकरा वर्षं त्याच्या नावाने ओरडत होतो.

शाळेच्या आवारात एक आड होता, दोन वर्षांपासून ठणठणीत. भरदुपारी मी पट्टा घेऊन गेलो आणि आत टाकला. कान देऊन उभा राहिलो.

खालून पाण्याचा आवाज आला. जड वस्तू खोल पाण्यात पडल्यावर येतो तसा. मग काही वेळाने कोणीतरी वर येऊन श्वास घेतल्याचा.

मी रामकिशनला बोलावलं. त्याने वाकून बघितलं, ढेकूळ टाकलं. ते खडखडत गेलं.

"भेगा पडल्यात नुसत्या, उस्ताद. काय पडलं हाय का तुमचं?"

"नाही," मी म्हणालो. तळाशी पट्टा नव्हताच.

७

तीस एप्रिलला धुरपताबाई पुन्हा आली. एसटी स्टँडवर रात्र काढते म्हणाली, उद्या परेड बघते, मग माझा कागद घेऊन जाते.

"त्येच्या परेडी म्या कदी बगितल्या न्हाईत. तुजी बगते."

मी तिच्याकडे न बघता बकल पुसत होतो.

"एकदा सुटीवर आलता तव्हा म्या त्येचा पट्टा धुतला," ती एकदम हसली. "वाळू घातला तं आटून हा एवढा झाला. लई कावला. आये, पट्टा धुवायचा नसतो, पान्यात घातला की त्यो मानसाला आवळतो, म्हन्ला."

त्या वेळी बोलायला हवं होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो, उन्हाची तिरीप फरशीवर पडली होती. जिभेवर आलेलं मी गिळलं. मंत्री, सलामी, पक्की नेमणूक. एकच दिवस, असं स्वतःला सांगितलं. म्हातारीला दुसऱ्यांदा फसवताना माझा हात फडक्यावरून गोल गोल फिरत राहिला, याचा मला अजून संताप येतो.

ती गेल्यावर शेवटची तालीम घेतली. तुकडी सुटली, धूळ खाली बसली. मी मैदानावरून परत येत होतो. जिथे मधली रांग उभी होती तिथे, डावीकडून दुसऱ्या जागी, वाळलेल्या मातीवर दोन बुटांचे ओले ठसे होते. टाचा जुळलेल्या. पंजे तीस अंशांत उघडलेले. माझ्या तेवीस गाढवांपैकी एकाचेही पाय इतके बरोबर पडत नव्हते.

ठसे माझ्या देखत सुकले. मी पुसायला गेलो नाही.

८

एक मे. साडेसात वाजताच ऊन डोळ्यांवर येत होतं. तिरंगा चढला, बँड वाजला. तुकडी उभी होती, तिच्यापुढे सहा पावलांवर मी. माझा नवा पट्टा, गुंड्यांच्या रेषेत बकल. समोर मंडपात मंत्री, त्यांच्या बाजूला फेटा बांधलेले सिद्रामप्पा. डावीकडे दोरीपलीकडे बायका बसल्या होत्या आणि पहिल्याच ओळीत धुरपताबाई, पोस्टकार्डांची गाठ मुठीत धरून.

"परेड, सावधान!"

माझाच आवाज. आणि त्यानंतर मैदानावर शांतता झाली.

तेव्हा मागून दोन बोटं माझ्या पट्ट्यात शिरली.

शांतपणे, सवयीने, मी घालतो तशी. दुसऱ्या पेरापर्यंत. थंड होती. शर्टातून ओल कण्यावर उतरली. बोटं जरा थांबली, चाचपत. सहा पावलांवरून कोणाचा हात पोचत नाही, हे मी मनात दोनदा म्हटलं. सावधानमध्ये मान वळवता येत नाही. ज्याने नियम केला त्याने असल्या वेळेचा विचार केला नसेल.

मग तिसरं बोट आलं. मग चौथं. आणि मूठ वळली.

ओढ मागे नव्हती, खाली होती. गुडघ्यांपर्यंत, मांड्यांपर्यंत, छातीपर्यंत काहीतरी गार चढत आलं. मंडप, फेटे, झेंडा, सगळं पाण्याखालून बघावं तसं हलायला लागलं. श्वास मिळेना. मला ठाऊक होतं की जाग्यावर उभं राहायचं, एवढंच. यावेळी धरू द्यायचं. मी दात आवळले.

आणि माझा उजवा हात पँटच्या शिवणीवरून उठला आणि त्याने बकल उघडलं.

एका क्षणात मी हलका झालो. पट्टा जमिनीवर पडल्याचा आवाज आला नाही. मी खाली बघितलं, मागे बघितलं. पट्टा कुठेच नव्हता. पुढच्या रांगेतला प्रत्येक जण माझ्या कमरेकडे बघत होता, आणि त्यांच्या आड, मधल्या रांगेत, मन्मथ डोळे गच्च मिटून आपल्या डावीकडच्या मोकळ्या जागेपासून अंग चोरून उभा होता.

सिद्रामप्पा मंडपातून तरातरा आले. चेहरा लालबुंद.

"व्यंकटराव! मंत्री बसलेत समोर! पट्टा कुठंय तुमचा?"

सावधानमध्ये उत्तर मोठ्याने द्यावं लागतं. मी दिलं. सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

"भुजंगनं नेला!"

दोरीपलीकडे म्हातारी उठून उभी राहिली.

"कुठं हाय त्यो?" ती दोरीखालून वाकून धावत आली, शिपायाने धरलं तरी थांबली नाही. तिचं तोंड आनंदाने उजळलं होतं, आणि ते मला बघवेना. "व्यंकटी, कव्हा आलता? कुठं हाय माझा भुजंग?"

"माझ्या मागं," मी म्हणालो.

आणि तिथेच, उन्हात, कमरेला पट्टा नसताना, मी तिला कालवा सांगितला. सगळा. मंत्र्यांची गाडी कधी निघून गेली ते मला कळलं नाही. तिच्या तोंडावरचा उजेड हळूहळू गेला. माझं संपल्यावर तिने एकच विचारलं.

"कोन्त्या हातानं उगडलास?"

मी उजवा हात पुढे केला. तिने तो आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, सुलटा केला. मला वाटलं थुंकेल. तिने पदराने तो पुसला. पुन्हा पुसला.

"वाळना की रे ह्यो," ती म्हणाली, आणि हात टाकून दिला.

९

मी दोन पानं लिहून दिली, खाली सही केली. भुजंगच्या नावापुढचा 'भगोडा' हा शब्द काढायला वर्ष गेलं, पण निघाला. तिच्या गावातल्या एका माणसाने कळवलं. ती स्वतः पुन्हा आली नाही. माझी नेमणूक अर्थातच गेली. हवालदारकी घेतली नाही कोणी, पण ती माझी नव्हती हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. कोंडाबाई माझ्याशी बोलते, गरजेपुरतं. अकरा वर्षं माझा राग खरा समजून तीही त्या पोराला शिव्या देत होती, आणि ते ती विसरत नाही.

मी आता पट्टा बांधत नाही. नाडीचा पायजमा घालतो. तरी रोज सकाळी सहाला, मी अंगणात तोंड धूत असताना, तपासणी होते. मागून दोन बोटं येतात, नाडीत शिरतात, चाचपतात आणि जातात. मी वळत नाही. सवय झाली आहे.

फक्त अन्न जात नाही हल्ली. कमर बारीक होत चालली आहे. कोंडाबाई नाडी रोज आवळून बांधून देते, तरी सैल पडते.

काल तीन बोटं गेली.